चार बोटांचं अंतर

आबांच्या अंगावरनं वारं गेलं आणि त्यांच्याजवळ एकच शब्द उरला. न्हाई.

चहा देऊ का विचारलं तर "न्हाई" म्हणायचे आणि हात कपाकडं करायचे. पंखा बंद करू का? न्हाई. पायाला मुंग्या येतात का? न्हाई. मला हाक मारायची असली तरी बाहेरच्या खोलीतनं "न्हाई!" असा आवाज यायचा आणि मी शिवणमशीन थांबवून पळत जायची. डॉक्टरांनी समजावलं होतं, डोक्यातले विचार जागच्या जागी आहेत, आपण बोलतो ते त्यांना कळतं, फक्त शब्द बाहेर पडताना वाट चुकतो. पाटी-पेन्सिल दिली तर डाव्या हातानं नुसत्या रेघा निघायच्या. उजवा हात मांडीवर पडून असायचा. या हातांनी त्यांनी सैन्याच्या वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षं वेल्डिंग केलं होतं. पेन्शन घेऊन गावी आल्यावर मलकापूरच्या आसपासच्या ट्रॉल्या, नांगर, देवळाची गेटं जोडली होती. आई गेल्यावरही ते गावात एकटेच राहिले. हे दुखणं झाल्यावर मात्र मी त्यांना मिरजेला माझ्याकडं घेऊन आले.

आमचं घर पहिल्या मजल्यावर. नवरा रेल्वेत, ड्युटीच्या वेळा आज एक उद्या एक. मी घरात ब्लाउज शिवते. म्हणजे दिवसभर घरात असायची, पण आबांशी बोलायला नव्हे. सुट्टीवर आलेल्या धाकट्या भावाला, तोही फौजेत, हे दोन दिवसांत कळलं. परत जायच्या आदल्या दिवशी तो एक पिंजरा घेऊन आला.

"ताई, आबांस्नी बोलायला कोणतरी पायजे. तू सारखी मशिनीवर," तो म्हणाला.

पिंजऱ्यात एक करडा पक्षी होता. डोक्यावर पिवळा तुरा आणि दोन्ही गालांवर नारिंगी ठिपके. दुकानदार त्याला कॉकटेल म्हणत होता म्हणे. आम्ही पाखरूच म्हणत राहिलो. मला मनातून राग आला होता. एक माणूस सांभाळताना माझा जीव मेटाकुटीला आलेला, त्यात हे.

पण चार-पाच दिवसांत जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी आबांना मेणबत्ती विझवायला सांगितली होती आणि आबांनी तोंड फिरवलं होतं. लहान पोराचा खेळ वाटला असेल त्यांना. पाखरू मात्र सकाळी गॅलरीत टांगलं की दोन सुरांची शीळ घालायचं आणि थांबायचं, जणू उत्तराची वाट बघतंय. आबांनी ओठांचा चंबू केला. उजवी बाजू लुळी, त्यामुळं वारा एका अंगानं निसटला. फुस्स. पाखरानं तुरा उभा केला आणि परत शीळ घातली. आबांनी परत फुंकलं. दुपारपर्यंत त्यांचं हेच चाललं होतं. मी दाराआड उभी राहिले. गळ्यात टेप, हातात कात्री आणि डोळ्यांत पाणी.

तेव्हापासून त्या पाखराला काही होऊ नये अशी धास्ती मला लागली. पिंजरा मुळातच चुकीचा होता. मोठ्या पोपटासाठी केलेला असावा. गजांमधनं माझी दोन बोटं सहज आत जायची. दार वर सरकवायचं आणि सोडलं की खाली पडायचं, त्याला कडी नव्हती. मी दाराला कपड्यांचा चिमटा लावला आणि एवढ्यानं भागेल असं समजले.

एका सकाळी मी आत भाकरी थापत होते. बाहेर स्टीलचा तांब्या आपटल्याचा आवाज झाला, पाठोपाठ "न्हाई! न्हाई! न्हाई!" आवाज असा फाटलेला की मी पीठ भरल्या हातानंच धावले. खालच्या बोळातला तपकिरी बोका कठड्यावरनं पिंजऱ्याला लटकला होता. एक पाय गजांमधनं आत, पार खांद्यापर्यंत. पाखरू कोपऱ्यात फडफडत होतं आणि पिंजरा गरगर फिरत होता. आबा खुर्चीतनं अर्धे उठलेले, हाताला लागेल ते फेकत होते. तांब्या झाला, चष्म्याची डबी झाली, आता काठी उगारली होती आणि तोल जात होता.

क्षणभर मला कळेना आधी कुणाला धरू. मी आबांना धरलं. खांदा देऊन खुर्चीत बसवलं आणि मग बोक्याकडं वळले. तो मला बघून उडी मारून गेला, पण जाताना त्याच्या नखात पंखाचं एक पीस अडकून तुटलं. नवीन फुटलेलं पीस होतं, त्यात रक्त असतं हे मला कुठं ठाऊक? एवढ्याशा जिवातनं एवढं रक्त. पिंजऱ्याच्या तळाचा कागद लाल झाला. मी पाखराला रुमालात धरून पिसाच्या बुंध्याशी हळद दाबली आणि तशीच बसून राहिले. माझ्या तळहाताला त्याचं काळीज लागत होतं, मशीन जोरात चालवल्यासारखं. बऱ्याच वेळानं रक्त थांबलं. आबा तोवर माझ्याकडं बघत होते. एकदाही पापणी लवली नसेल.

त्या दिवशी मी एकही ब्लाउज हातात घेतला नाही. पिंजरा घरात टांगावा तर पाखराला उजेड नाही, आबांना वारा नाही, आणि बोका खिडकीतनंही येणारच. मी हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि बारीक चौकोनांची तारेची जाळी मागितली. चकचकीत, नवी कोरी. "गंजणार नाही, ताई, जस्त चढवलेली आहे," दुकानदार म्हणाला. पत्रा कापायची कात्री शेजाऱ्यांकडनं आणली, बांधायची तार घेतली आणि गॅलरीत फतकल मारून बसले. टाके घालायची मला सवय. चारी बाजूंनी जाळी पिंजऱ्याच्या गजांना घट्ट शिवून टाकायची, हा माझा बेत.

पहिला तुकडा कापला तसे आबा म्हणाले, "न्हाई."

"बोटं कापून घेत न्हाई मी, आबा. काळजी करू नका."

"न्हाई. न्हाई." त्यांनी डावा हात पुढं केला. मी जाळीचा तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी अंगठ्यानं तारेवर चोळलं आणि तो अंगठा माझ्यासमोर धरला. अंगठ्याला पांढरी भुकटी लागली होती. ते अंगठा धरूनच राहिले. माझ्या डोळ्यांत बघत.

मी पदरानं त्यांचा अंगठा पुसला.

त्यांनी परत चोळलं, परत दाखवला. मी परत पुसला आणि तुकडा काढून घेतला. त्यांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. "न्हाई!"

सकाळपासून दाबून ठेवलेलं सगळं माझ्या तोंडातनं बाहेर पडलं. "मग काय करू मी? दिसभर काठी घिऊन हितं पहारा दिऊ? तुमाला उचलू, पाखराला राखू, का भाकरी भाजू? एक तर काय पायजे ते कळत न्हाई, आन् प्रत्येकाला न्हाई, न्हाई!"

त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं. मला बोलल्याचा पश्चात्ताप झाला, पण हात थांबले नाहीत. दुपारपर्यंत मी पूर्ण पिंजरा शिवला. तारेची टोकं आत वळवली, कुठंही टोचू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी बोका आला, जाळीला नखं लावून बघितली आणि चडफडत निघून गेला. मी नवऱ्याला कौतुकानं दाखवलं. त्यानं जाळी ओढून बघितली आणि म्हणाला, "आमच्या इंजिनालासुद्धा एवढी मजबूत नसते." मला फार बरं वाटलं होतं.

त्यानंतरच्या दिवसांत आबा हट्टी झाले, असं मला वाटलं. पिंजरा हाताच्या टप्प्यात असला की डाव्या हातानं तार पिरगाळून सोडवायला बघायचे. पाखराला सोडून देणार की काय, अशी मला भीती वाटली. मी पिंजरा त्यांच्यापासून लांब, दुसऱ्या टोकाच्या हुकाला टांगला.

पाखरू त्या जाळीवर चढायचं आणि तासन् तास तार चोचीनं कुरतडायचं. मला वाटायचं, बरं झालं, खेळ मिळाला.

आठ-दहा दिवस गेले असतील. पाखराची शीळ आधी एका सुरावर आली, मग बंद झाली. पाणी मात्र वाटी रिकामी होईस्तोवर प्यायला लागलं. विष्ठा हिरवीगार आणि पातळ. मी ऊन लागलं असेल म्हणून पिंजऱ्यावर ओला पंचा टाकला. आबांनी जेवण कमी केलं. घास तोंडाशी नेला की मान पिंजऱ्याकडं वळवायचे आणि "न्हाई" म्हणायचे. यावेळी तो शब्द हळू होता, रागाचा नव्हता.

एका सकाळी मी मशिनीवर होते. गॅलरीत काहीतरी घसपटल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर आबा खुर्चीत नाहीत. काठी खाली पडलेली. ते भिंतीला पाठ घासत घासत, डाव्या पायावर भार देत, दुसऱ्या टोकापर्यंत गेले होते आणि एका हातानं जाळीची तार उलगडत होते. तर्जनीतनं रक्त गळत होतं. अजून थोडा वेळ गेला असता तर पडलेच असते.

"आवं आबा! काय जीव द्यायचा हाय का?" मी ओरडले आणि कमरेला मिठी मारली.

त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. रक्ताळलेल्या बोटानं खाली दाखवलं. पाखरू दांडीवर नव्हतं. पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसलं होतं, डोळे अर्धे मिटलेले. उठायला गेलं आणि कुशीवर पडलं. डावा पंजा वळून मुठीसारखा झाला होता, तो उघडेना.

मी आबांना बसवलं, बोटाला चिंधी गुंडाळली, नवऱ्याला झोपेतनं उठवून त्यांच्यापाशी बसवलं. तो रात्रपाळी करून आला होता, काही न विचारता चटई घेऊन आबांच्या पायाशी बसला. मी चपलांच्या खोक्याला सुईनं भोकं पाडली, तळाशी मऊ कापड घातलं आणि पाखराला त्यात ठेवून निघाले.

पहिल्या दवाखान्यात गेले तर ते डॉक्टर गाई-म्हशी बघणारे. भला माणूस, पण खोक्यात डोकावून म्हणाले, "याच्यातलं मला काही कळत नाही. उगाच सुई टोचून मारायचो." त्यांनीच सांगलीतल्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. मी सांगलीच्या रस्त्याला रिक्षा केली. खोकं मांडीवर, दोन्ही हात झाकणावर. वाटेत आतली खसपस थांबली. झाकण उघडून बघायचं धाडस होईना. रिक्षावाला आरशातनं विचारत होता, "काय हाय, ताई, त्यात?" मी खोकं आणखी जवळ ओढून धरलं.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्यापेक्षा लहान. त्यांनी पाखराला हातात घेतलं, पंजा उघडून बघितला, चोच उघडली. जिवंत होतं. मग त्यांनी मला एकापाठोपाठ एक विचारायला सुरुवात केली. "काय खातं? कुठं टांगता? पिंजरा नवीन आहे?"

"जुनाच आहे. पण जाळी लावली. बोका यायचा म्हणून."

"कसली जाळी?"

मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "तारेवर हात फिरवला तर पांढरी भुकटी लागते का?"

मी उभी होते ती टेबलाला धरून खाली स्टुलावर बसले. माझ्या डोळ्यांसमोर आबांचा अंगठा आला. एकदा नव्हे, दोनदा धरलेला. आणि मी दोनदा पुसलेला.

"लागते," मी म्हणाले.

फोटो काढला. एवढ्याशा सांगाड्यात, पोटाच्या जागी एक पांढरा ठिपका, मोहरीच्या दाण्याहून लहान. जस्ताचा कण. बाईंनी समजावलं, हे पक्षी तार चाटतात, कुरतडतात, आणि जस्त रक्तात गेलं की विषासारखं चढतं. "कण आपोआप पुढं सरकला तर वाचेल. रक्तातलं विष कमी करायला इंजेक्शन देऊ या, सकाळ-संध्याकाळ. पण मी शब्द देत नाही. उशीर झालाय." सकाळचं इंजेक्शन त्या देणार, संध्याकाळचं मी घरी द्यायचं. कसं द्यायचं ते त्यांनी दाखवलं. माझे हात बघून त्या म्हणाल्या, "शिवणकाम करता ना? मग जमेल."

घरी आले. खोकं आबांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी झाकण उघडून आत बघितलं आणि बंद केलं. मी त्यांच्यासमोर खाली बसले. रस्ताभर मी एकच गोष्ट ठरवली होती.

"आबा, आता तोंडानं बोलू नका. मी इचारते. व्हय असलं तर खुर्चीच्या हातावर एकदा ठोका. न्हाई असलं तर दोनदा."

ते बघत राहिले. मला वाटलं, कळलं नाही. मग त्यांनी बोटाच्या पेरानं लाकडावर एकदा ठोकलं.

"त्या जाळीचं तुमाला ठाव हुतं?"

एकदा.

मला आठवलं, लहानपणी ते सांगायचे, जस्ताच्या पत्र्यावर वेल्डिंग केलं की धूर अंगात जाऊन थंडी-ताप भरतो, वर्कशॉपमध्ये पोरं कण्हत पडायची. मी ती गोष्ट ऐकत वाढले होते. मला ते कधी सुचलं नाही, आणि ज्यांना सुचलं त्यांच्याजवळ एकच शब्द होता.

"चुकलं माझं," मी म्हणाले. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. जड हात. मग लगेच काढला आणि पिंजऱ्याकडं दाखवला. मी जाळी फाडायला घेतली.

पहिल्या संध्याकाळचं इंजेक्शन मी विसरणार नाही. नवरा ड्युटीवर गेलेला. पाखरू एका हातात धरून दुसऱ्या हातानं सुई टोचायची, माझ्या हातून होईना. ते धडपडलं की मी सोडून द्यायची. दोनदा सुई माझ्याच बोटात गेली. आबांनी खुर्चीवर ठोकलं. हात पुढं केला.

"तुमी धरणार?"

ठक.

मला भीती वाटली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, छाती दाबायची नाही, पक्ष्याची छाती हलली नाही तर तो तिथंच गुदमरतो. आबांच्या डाव्या हातात अजून ताकद होती आणि आजारपणानंतर कधीकधी ती आवरत नसे. मागच्या महिन्यात त्यांनी चहाचा काचेचा पेला नुसता धरून फोडला होता. मी खोकं हातात घेऊन उभीच राहिले. त्यांनी परत ठोकलं नाही. हात तसाच पुढं ठेवला.

मी पाखराला रुमालात गुंडाळून त्या तळहातात ठेवलं. त्यांनी दोन बोटांमध्ये मान अलगद धरली, अंगठा पंखावर ठेवला आणि छातीला कुठंच स्पर्श होऊ दिला नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला. मी छातीच्या जाड भागात सुई टोचली, दाबली, काढली. आबांनी श्वास सोडला तेव्हा मला कळलं की त्यांनीही तो धरून ठेवला होता.

असं रोज चाललं. सकाळी सांगली, संध्याकाळी आबांचा तळहात. खोक्याशेजारी पिवळा बल्ब लावून ऊब दिली. चौथ्या दिवशी दुपारी पाखराला आकडी आली, मान मागं गेली, पंख ताणले गेले. मी "गेलं, आबा, गेलं" म्हणून रडायला लागले. आबा खोक्यावर वाकून फुंकत राहिले. फुस्स, फुस्स. त्यांची ती अर्धी शीळ. आकडी थांबली. फुंकल्यानं थांबली असं मी म्हणत नाही. थांबली एवढं खरं.

सहाव्या दिवशी त्यानं दोन दाणे खाल्ले. पुढच्या फोटोत ठिपका नव्हता.

आता पिंजऱ्याचा प्रश्न. ती जाळी मी भंगारवाल्यासाठी जिन्याखाली टाकली होती. आबांनी जिन्याकडं बोट दाखवलं.

"ती? न्हाई आबा. ती मी घरात घिणार न्हाई."

ठक, एकदा. म्हणजे व्हय, तीच.

मी वैतागले, पण यावेळी उठून गेले नाही. एक एक विचारत बसले. धुवायची का? ठक. कशानं? साबण? ठक ठक. चिंच? ते जरा थांबले आणि ठक. चिंच म्हणजे आंबट, म्हणजे व्हिनेगर चालेल का? ठक. मग पिंजऱ्याला लावायची? ठक ठक, जोरात. मग कुठं? त्यांनी डाव्या हाताची चार बोटं जुळवून पिंजऱ्याच्या गजांवर आडवी ठेवली आणि बोटांच्या बाहेरच्या बाजूला हवेत एक रेघ ओढली. मला कळायला बराच वेळ लागला. जाळी पिंजऱ्याला चिकटवायचीच नाही. चार बोटं लांब उभी करायची. आतनं चोच पोहोचत नाही, बाहेरनं पंजा पोहोचत नाही. मी डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "घासून भुकटी काढा आणि चोचीच्या टप्प्यात येऊ देऊ नका. हे कुणी सुचवलं?"

चौकट कशाची करायची? घरात एक जुनं लाकडी टीपॉय पडून होतं. ते उलटं केलं. चार पाय वर. मधोमध पिंजरा, चार पायांभोवती धुतलेली, ब्रशनं घासलेली जाळी, वर जाळीचंच झाकण. नवऱ्यानं खिळे मारले. प्रत्येक बाजूला आबांनी बोटं घालून अंतर मोजलं. एका बाजूला तीनच बोटं भरली, तर ठक ठक. खिळे काढून परत मारायला लावले. पिंजऱ्याच्या दाराला चिमट्याऐवजी किल्ल्यांची स्टीलची रिंग घातली. मग त्यांनी कुंड्यांकडं बोट दाखवलं. मी तुळस आणली, ठक ठक. कुंडीखालचं मातीचं परळ आणलं, ठक ठक. शेवटी नवरा म्हणाला, "वजन पाहिजे असेल त्यांना. हे बोक्याच्या उडीनं कलंडेल." ठक. आम्ही तळाशी चार विटा ठेवल्या.

पाखराला आत ठेवल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी बोका आला. मी झाडूला हात घातला तर आबांनी ठोकलं. दोनदा. झाडू नको. बघू दे.

बोका कठड्यावरनं सरळ झाकणावर उतरला. सगळं करकरलं, एका बाजूला झुकलं, परत जागेवर आलं. त्यानं बाजूला उतरून जाळीला नखं लावली. नखं आत आली, अर्धा इंच. पाखरू फिस्कारलं आणि फक्त एक पाऊल मागं सरकलं. बोक्यानं दुसऱ्या बाजूनं बघितलं. तिसऱ्या. मग परत वर चढला आणि पाखराकडं टक लावून बसला.

"न्हाई," आबा त्याला म्हणाले. शांतपणे, पूर्ण आवाजात.

बोका कठड्यावर गेला, थोडा वेळ अंग चाटलं आणि खाली उतरला.

पाखराचा डावा पंजा पूर्वीसारखा झाला नाही. गोल दांडीवरनं ते निसटायचं, म्हणून मी सपाट पट्टीला जुन्या सुती साडीचं कापड ताणून शिवलं, दोरे सुटू नयेत म्हणून कडा दुमडून. उडतं कमी, खातं चांगलं. तुरा बाकी ताठ असतो. डॉक्टरीणबाईंनी एकदा आबांच्या टीपॉयचा फोटो मागून घेतला. आबांना आता चार-पाच शब्द आलेत. पाणी, बस, आणि माझ्या भावाचं नाव. माझं अजून नाही.

गेल्या महिन्यात नात्यातल्या लग्नाला मी कराडला गेले. हे सगळं झाल्यापासून घर सोडून जायची ती पहिलीच वेळ. अक्षता पडल्या, जेवणाच्या पंगती बसल्या, आणि मी मांडवाबाहेर येऊन नवऱ्याला फोन लावला.

"पाखरू काय करतंय?"

"झोपलंय."

"आणि आबा?"

"तेही झोपलेत. तू जेवलीस का?"

नव्हते जेवले. आत जाऊन पानावर बसले.